साष्टींतील भाड्याचे कागद आणि त्यांस लागणारी ओल

जुन्या कागदांच्या शोधांत घरोघर हिंडणाऱ्या संग्राहकांचा एक अनुभव ठरलेला आहे. यजमान माळ्यावरून पेटी काढून देतात. वरच्या थरांत घरभाड्याच्या शेंदीडशें पावत्या निघतात. त्या बाजूस सारून खालीं एखादी सनद, महजर किंवा पोथी आहे काय हें आपण पाहतों. आणि कांहीं न मिळाल्यास, "या पावत्या टाकून दिल्यात तरी चालेल," असें सांगून निघतों. हा सल्ला आम्हीं स्वतः अनेकदां दिला आहे. तो चुकीचा होता, आणि कां चुकीचा होता हें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

लेखाचा प्रदेश मुंबईचीं उपनगरें, म्हणजे पूर्वीची साष्टी, एवढाच घेतला आहे. त्यांतही अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या भागांतील कागद आमच्या पाहण्यांत अधिक आले. विषय घरमालक व भाडेकरू यांच्या तंट्यांचा. हे तंटे बहुधा तीन कारणांनीं होतात: भाडें थकलें म्हणून, अनामत परत मिळाली नाहीं म्हणून, आणि भिंतीस ओल येऊन बुरशी धरली म्हणून. या तिहींचा निकाल अखेर कागदावर होतो. आणि तोच कागद तिसऱ्या कारणाच्या, म्हणजे ओलीच्या, तोंडीं सर्वांआधीं पडतो. आमच्या सांगण्याचा मुद्दा एवढाच आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. घरभाड्याचा तंटा ही इंग्रजी अमदानीची देणगी होय, असा समज पुष्कळांचा आढळतो. तो निराधार आहे. कौटिलीय अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें, व पुढें १९६० सालीं मुंबई विद्यापीठानें प्रा. र. पं. कंगले यांनीं संशोधिलेली संहिता प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या धर्मस्थीय नामक तिसऱ्या अधिकरणाचा आठवा अध्याय वास्तूविषयीं आहे. दुसऱ्याची भिंत पाण्यानें बिघडविणारास बारा पण दंड, व मूत्रपुरीषानें बिघडविल्यास त्याच्या दुप्पट, असें तेथें सांगितलें आहे. पाऊस पडत असतां पाण्याची वाट मोकळी न ठेवणारासही बारा पणच दंड आहे. त्याच अध्यायांत पुढें, मनाई केली असतां घरांत राहणारा आणि भाडें देणारास घराबाहेर काढणारा, या दोघांसही तोच दंड लाविला आहे. मात्र भाडेकरूनें शिवीगाळ, चोरी, बळजोरी, व्यभिचार किंवा खोटा भोग यांपैकीं कांहीं केलें असल्यास त्यास काढणाराकडे दोष येत नाहीं. जो आपण होऊन घर सोडील त्यानें वर्षाच्या भाड्याची बाकी चुकती करावी, असेंही म्हटलें आहे. भाड्यास तेथील शब्द अवक्रय असा आहे.

अनामतीचा उल्लेख या अध्यायांत नाहीं. परंतु चार अध्याय पुढें उपनिधीचें प्रकरण आहे. ठेव म्हणून आलेली वस्तु जो स्वतः वापरील त्यानें त्या वापराचें मोल भरून द्यावें व वर बारा पण दंड द्यावा, असा तेथील नियम. म्हणजे भिजविलेली भिंत, अन्यायानें काढलेला भाडेकरू आणि वापरलेली ठेव, या तिहींचें माप कौटिल्यानें एकच धरिलें आहे. नारदस्मृतींत आणखी एक बारकावा सांपडतो. दुसऱ्याच्या जमिनीवर भाडें, ज्यास तेथें स्तोम म्हटलें आहे, देऊन जो घर बांधून राहिला, त्यानें निघून जातांना आपलें गवत, लांकूड व विटा न्याव्या. पण भाडें न देतां मालकाच्या इच्छेविरुद्ध जो राहिला, त्यास त्यांतील कांहीं नेतां येत नाहीं. भाडें दिलें कीं नाहीं यावरच तेथेंही सारें अवलंबून आहे. आणि भाडें दिलें हें दाखवावयाचें तर साक्षीदार पाहिजे किंवा कागद पाहिजे.

आतां साष्टीकडे वळूं. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेऊन साष्टी पोर्तुगीजांपासून जिंकली. १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांनीं बळकाविली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांजकडे कायम झाली. पुढें कंपनी सरकारनें तेथील कांहीं गांवें खासगी गृहस्थांस दिलीं. १८३० सालीं बैरामजी जीजीभाई यांस मिळालेलीं गांवें हें त्याचें ठळक उदाहरण होय. या इतिहासामुळें साष्टींतील एकाच पेटींत तीन जातींचे कागद निघतात, व ते एकमेकांत मिसळूं न देणें हें संग्राहकाचें पहिलें काम आहे. शेतजमिनीबद्दल कुळानें दिलेला तो खंड. जमीन दुसऱ्याची आणि वरील घर स्वतःचें, अशा स्थितींत दिलेलें तें जमीनभाडें. नारदाचा स्तोम तो हाच. जमीन व घर दोनही दुसऱ्याचीं, तेव्हां दिलेलें तें घरभाडें. भाडें हा आपला शब्द संस्कृत भाटकापासून आला, व अनामत हा अरबी अमानतीचा अपभ्रंश आहे. पागडी मात्र अस्सल डोक्यावरची. कायद्याच्या पुस्तकांत तिला दुसरीं नांवें आहेत, पण लोकांनीं हेंच धरून ठेविलें.

घरभाड्याचे कागद उपनगरांत पुष्कळ होऊं लागले ते रेल्वेमागोमाग. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई-ठाणें गाडी सुरू झाली, व १८६७ सालीं पश्चिमेकडील गाडी विरारपर्यंत पोहोंचली. १८९६ च्या प्लेगानें शहरांतील दाट वस्ती भयप्रद ठरली, व हवाशीर जागेच्या शोधांत लोक बाहेर पडूं लागले. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. यानंतर १९५० व १९५७ सालीं दोन हप्त्यांनीं हीं उपनगरें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. मुलुंड व दहिसर ही शींव दुसऱ्या हप्त्यांतील. कागदावरील पत्ता पाहतांना हीं सालें ध्यानांत असावीं. नुसतें 'मुंबई ५८' असेल तर तो टपालाचा विभागक्रमांक होय. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आंकडी पिन सुरू झाला, व अंधेरीच्या त्याच ५८ चे ४०००५८ झाले. जुन्या शिक्क्याच्या पावत्या पुढेंही कांहीं काळ वापरल्या जात, म्हणून या खुणेवर एकटीवर विसंबूं नये. तिला नाण्याची जोड द्यावी. रुपये-आणे-पै असा हिशेब असेल तर पावती बहुधा १९५७ च्या एप्रिलपूर्वींची. 'नवे पैसे' असतील तर १ एप्रिल १९५७ ते १९६४ या सात वर्षांतील. नुसते पैसे असतील तर त्यानंतरची. वीस रुपयांवरील पावतीस एक आण्याचें तिकीट लावावें, असा १८९९ च्या मुद्रांक कायद्याचा मूळ नियम होता. त्यामुळें लहान खोल्यांच्या पावत्यांवर तिकीट नसतें. तिकीट नाहीं म्हणून पावती बनावट, असें अनुमान काढूं नये.

परंतु याहून महत्त्वाच्या खुणा कायद्यानें कागदावर उमटविल्या आहेत. पहिल्या महायुद्धांत जागेची टंचाई होऊन भाडीं भडकलीं, तेव्हां १९१८ सालीं मुंबई सरकारनें भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला, व १ जानेवारी १९१६ चें भाडें हें प्रमाण धरिलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत १९३९ व १९४४ सालीं पुन्हां कायदे झाले. पुढें १९४७ चा सत्तावन्नावा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. त्यानें सप्टेंबर १९४० चें भाडें प्रमाण ठरविलें आणि तें गोठविलें. म्हणूनच एका घरच्या तीस-चाळीस वर्षांच्या पावत्या क्रमानें लावल्या असतां महिना बदलतो, मालकाची सही बदलते, भाडेकरूचें नांव बापाचें जाऊन मुलाचें येतें, पण रक्कम जवळपास तीच राहते. वाचकांस ती चूक वाटूं नये. १९ डिसेंबर १९९७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत, भाडीं अशीं गोठवून ठेवणें कालांतरानें अवाजवी झालें आहे, असा निर्णय दिला. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून चालू आहे, व त्यानें वर्षास शेंकडा चार वाढीची मुभा दिली.

थकबाकीचा तंटा या कायद्यांत पुढीलप्रमाणें चालतो. भाडेकरू प्रमाण भाडें देत आहे व देण्यास तयार आहे तोंवर, केवळ मुदत संपली एवढ्यावरून त्यास काढतां येत नाहीं. भाडें थकल्यास मालकानें लेखी नोटीस द्यावी. १९४७ च्या कायद्यांत तिची मुदत एक महिना होती, नव्यांत नव्वद दिवस आहे. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सारी बाकी सालिना शेंकडा पंधरा व्याजासह भरल्यास थकबाकीबद्दल हुकूमनामा होत नाहीं. मुंबईंत हे दावे लघुवाद न्यायालयांत, ज्यास लोक स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात तेथें, चालतात. आतां पाहण्याजोगी गोष्ट अशी कीं, मालकास भाडेकरू नकोसा झाला म्हणजे तो पुष्कळदां भाडें घेण्याचेंच टाळतो, कारण पावती दिली कीं नातें कबूल होतें. पैसे घेतल्यावर पावती देणें मालकावर दोनही कायद्यांनीं बंधनकारक केलें, व न दिल्यास दंडही सांगितला. तरी हा प्रघात थांबला नाहीं. अशा वेळीं भाडेकरू मनीऑर्डर करी. ती परत येई, व तिजवर 'घेण्यास नकार' असा पोस्टाचा शेरा असे. पेटींत अशीं परत आलेलीं मनीऑर्डरचीं कुपनें निघालीं तर तीं पावत्यांइतकींच मोलाचीं समजावीं. पैसे पोहोंचले नाहींत हें तीं सांगतात, पण देणारा तयार होता हेंही तींच सांगतात.

अनामतीच्या कागदांत जें लिहिलें आहे त्यापेक्षां जें लिहिलें नाहीं तिकडे अधिक लक्ष द्यावें लागतें. १९४७ च्या कायद्यानें भाड्याखेरीज नजराणा, अनामत किंवा तत्सम रक्कम घेणें मालकास गुन्हा ठरविलें. त्यामुळें पागडी दिली गेली, पण तिची पावती झाली नाहीं. झालीच तर फर्निचरची किंमत किंवा हातउसने अशा पांघरुणाखालीं झाली. बावीस रुपयांच्या खोलींत मोठ्या रकमेचें कपाट विकत घेतल्याचा कागद आढळल्यास संशोधकानें थोडें थबकावें. नव्या कायद्यानें हा व्यवहार उघड केला. तेव्हां २००० नंतरच्या कागदांत ती रक्कम स्वनामानें दिसूं लागते.

दुसरें वळण १९७३ चें. मालकांनीं भाडेपट्टा टाळून परवान्याचा, म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स'चा, मार्ग धरिला होता. अशा कागदांत भाडें हा शब्द कटाक्षानें गाळलेला असतो. त्याच्या जागीं मोबदला किंवा नुकसानभरपाई येते, आणि मुदत बहुधा अकरा महिन्यांची असते. १९७३ च्या दुरुस्तीनें असें ठरविलें कीं, १ फेब्रुवारी १९७३ रोजीं चालू परवान्यानें जो राहत होता तो भाडेकरूच समजावा. एका तारखेनें असंख्य बिऱ्हाडांचा दर्जा बदलला. म्हणून त्या तारखेच्या अलीकडचा व पलीकडचा कागद हा या साऱ्या दप्तराचा कणा होय. आज १९९९ च्या कायद्याप्रमाणें करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदविला नसेल तर अटींविषयीं भाडेकरू सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरितात. उलटपक्षीं परवान्याची मुदत संपून जो निघत नाहीं त्यास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. परवान्याच्या अनामतीस राज्यांत कायद्याची कमाल मर्यादा नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ सालीं मान्य केलेल्या नमुना कायद्यांत राहत्या घरास दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे, पण तो नमुनाच होय. मौज अशी कीं, मुद्रांकशुल्काचा हिशेब करतांना सरकार परत करावयाच्या अनामतीवर सालिना शेंकडा दहा व्याज धरून तें भाड्यांत मिळवितें. वापरलेल्या ठेवीचें मोल मोजण्याची कौटिल्याची रीत येथें अशी निराळ्या वेषानें परत आली आहे. फरक इतकाच कीं तें मोल ठेव ठेवणारास मिळत नाहीं.

राहिली ओल. भिंतीवरील प्रत्येक पांढरा डाग बुरशीचा नसतो. जमिनींतून किंवा विटांतून क्षार वर येऊन जो फुलतो तो लोणा. तो पाण्यांत विरतो. बुरशी ही सजीव आहे. ती हिरवट, काळसर किंवा करडी असते, तिला कुबट वास येतो, आणि हवेंतील आर्द्रता शेंकडा सत्तरच्या आसपास फार दिवस राहिली कीं ती फोफावते. उपनगरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आर्द्रता त्याहून खालीं क्वचितच उतरते. २६ जुलै २००५ रोजीं तर सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या दिवशीं तळमजल्यावरील किती पेट्या बुडाल्या याची गणती कोणीं केली नाहीं. जुन्या चुन्याच्या भिंती भिजत आणि सुकतही. त्यांवर मागाहून सिमेंटचा गिलावा व तेलरंग चढविला म्हणजे आंत गेलेलें पाणी बाहेर पडूं शकत नाहीं. वरच्या मजल्यावरील मोरीची गळती, गच्चीची भेग, आणि बंद खोलींत सुकत घातलेल्या कपड्यांची वाफ, हीं तीन कारणें निरनिराळीं असून त्यांची जबाबदारीही निरनिराळी आहे. पहिलीं दोन दुरुस्तीचीं, म्हणून मालकाकडचीं. तिसरें राहणाराच्या वहिवाटीचें. तंट्यांत मालक नेहमीं तिसरें कारण सांगतो व भाडेकरू पहिलीं दोन.

घर राहण्याजोगें ठेवणें हें मालकाचें कर्तव्य १९४७ व १९९९ या दोनही कायद्यांनीं मानिलें आहे. त्यानें कुचराई केल्यास, निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनें स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा, अशी सोय आहे. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक वळता करतां येत नाहीं. हिशेब करून पहा. महिना चाळीस रुपये भाडें असेल तर वर्षाचे चारशें ऐंशीं, व त्याची चौथाई एकशें वीस. इतक्यांत आज एक भिंत खरवडूनही होत नाहीं. मालकाची बाजूही ऐकावी: अशीं दहा बिऱ्हाडें असलीं तरी वर्षाचें उत्पन्न चार हजार आठशें, त्यांत गच्ची कोठून व्हावी? शहर बेटावरील जुन्या इमारतींसाठीं १९६९ च्या कायद्यानें उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमलें. उपनगरें त्याच्या बाहेर राहिलीं. गिरगांवच्या चाळीस जी सोय मिळाली ती घाटकोपरच्या चाळीस नाहीं. म्हणून उपनगरांतील ओलीस धनी नाहीं. मालकास परवडत नाहीं, भाडेकरूस अधिकार अपुरा, आणि मध्यें भिंत भिजत राहते.

या भिंतीलाच आपली पेटी टेकलेली असते. आमचा एक माजी विद्यार्थी घाटकोपरच्या एका जुन्या दुमजली इमारतींत वाढला. इमारत धोकादायक ठरून ती पाडण्याची व नवी बांधण्याची वेळ आली. उपनगरांतील अशा भाडेकरूंच्या इमारतींस २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलींत स्वतंत्र नियम आहे, व त्याखालीं जुन्या अधिकृत भाडेकरूस नव्या इमारतींत घर मिळतें. पण तो अधिकृत भाडेकरू आहे हें दाखवावें लागतें. नव्या मालकाचें म्हणणें असें पडलें कीं, यांचे वडील परवान्यावर राहत, भाडेकरू नव्हते. कागद वाचून देण्यासाठीं तो विद्यार्थी पेटी घेऊन आमच्याकडे आला. आम्हीं ती उघडली, तों १९६० च्या सुमाराच्या पावत्या नीट होत्या, १९७६ नंतरच्याही होत्या. मधल्या सात-आठ वर्षांचा गठ्ठा मात्र बुरशी लागून विटेसारखा एक झाला होता. तो ज्या कोपऱ्यांत होता त्याच कोपऱ्याविषयीं वडिलांनीं मालकास ओलीची नोटीस दिली होती. नोटिशीची नक्कल त्याच गठ्ठ्यांत गेली. उरली ती टपालाची पोचपावती. कांहींतरी एका तारखेस पोहोंचलें हें ती सांगे, काय पोहोंचलें हें सांगत नसे.

चार दिवस खपून आम्हीं त्या विटेचे अकरा तुकडे सुटे केले. त्यांत १९७१ ची एक व १९७४ ची एक अशा दोन तारखा वाचतां आल्या. १ फेब्रुवारी १९७३ चा महिना मिळाला नाहीं. पुढें तडजोड झाली; घर मिळालें, पण हक्कानें मागतां आलें असतें त्याहून लहान. त्याच्या आईनें आम्हांस विचारलें, "मास्तर, एक महिन्याच्या कागदाला एवढी किंमत असते होय?" यावर देण्यास आमच्याकडे उत्तर नव्हतें. अशाच पावत्या टाकून देण्याचा सल्ला आम्हीं किती घरीं दिला होता, तें मात्र आठवलें.

म्हणून संग्राहकांस कांहीं सूचना करतों. पोथ्या जपण्याची विद्या आपणांस आहे. तीच या क्षुल्लक कागदांस लावावी. पेटी बाहेरच्या भिंतीस किंवा मोरीलगतच्या भिंतीस टेकवूं नये. ती जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी. ओला गठ्ठा कडक उन्हांत टाकूं नये व ओढून उलगडूं नये. सावलींत वाऱ्यावर, मध्यें टिपकागद घालून सुकवावा. बुरशी ओली असतां पुसूं नये, ती पसरते. सुकल्यावर नाकातोंडास फडकें बांधून मऊ कुंचल्यानें घराबाहेर झाडावी. जांभळ्या नकलपेन्सिलीचे आंकडे पाण्यानें पसरून पुसट होतात, तेव्हां तशा पावत्यांचीं छायाचित्रें आधीं घ्यावीं. हल्लींच्या यंत्रांतून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या तर ओलीवांचूनही कांहीं वर्षांत कोऱ्या होतात. भाडें बँकेमार्फत किंवा मोबाइलवरून देणारांनीं कोणत्या महिन्याचें भाडें हें त्या नोंदींत लिहावें. रक्कम एकटी कशाबद्दल होती तें बोलत नाहीं. अनामत देतांना भिंतींचीं तारीखवार छायाचित्रें कराराबरोबर ठेवावीं, म्हणजे डाग आधींचा कीं नंतरचा हा वाद उरत नाहीं.

आणि घरोघर पेट्या उघडतांना भाडेपावत्या यजमानांच्या हातीं परत देऊन, त्या सालवार लावून ठेवण्यास सांगावें. १ फेब्रुवारी १९७३ च्या आसपासच्या निराळ्या बांधाव्या. त्या घरच्या आहेत, घरींच राहूं द्याव्या. संशोधनास नक्कल पुरे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत ज्यांच्या पाहण्यांत जमीनभाड्याचे, परत आलेल्या मनीऑर्डरींचे किंवा ओलीच्या नोटिशींचे कागद असतील, त्यांनीं मालक व भाडेकरू यांचीं नांवें झांकून त्यांच्या नकला अवश्य कळवाव्या. पावसाळा तोंडावर आला म्हणजे हें काम होत नाहीं; तें उन्हाळ्यांतच उरकावें.